झडीचा शनिवार आणि तीन मॅचेस: सांगलीतल्या घरातली तयारी

पावसाळी शनिवारी घरी बसून फुटबॉल बघायचा तर सगळं दुपारी चारच्या आत उरकावं लागतं. चारनंतर उरतं ते फक्त निस्तरणं. डिशला सिग्नल नाही, इन्व्हर्टरमध्ये पाणी नाही, चुरमुरे सादळलेले, आणि साडेसात वाजता हॉलमध्ये मालिका सुरू. यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, पण तो सकाळी करायचा असतो.

आधी घड्याळ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे असतात आणि आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. तिथल्या प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे पावसाळ्यातल्या सगळ्या मॅचेस याच हिशोबात बसतात. शनिवारी तिथली दुपारी १२:३० ची मॅच आपल्याकडे संध्याकाळी ५ ला, तीनची ७:३० ला आणि साडेपाचची रात्री १० ला. रविवारी दोनची ६:३० ला, साडेचारची ९ ला. जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनला सुरू होणाऱ्या मॅचेस आपल्याला ७ ला दिसतात. त्यातली तीनची मॅच खुद्द इंग्लंडमधल्या माणसाला टीव्हीवर लाइव्ह बघता येत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात तिथे प्रक्षेपणाला बंदी आहे, लोकांनी गावातल्या मैदानावर जावं म्हणून. सांगलीत विश्रामबागेत बसून ती निवांत बघता येते, हा आपला फायदा.

जून-जुलैत युरोपातल्या लीग बंद असतात. तेव्हा विश्वचषकाचं किंवा युरोचं (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचं) वर्ष असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अमेरिकेतली लीग आहे. पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, म्हणजे त्यांच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे रविवारी पहाटे येतात. जुलै-ऑगस्टच्या सुमाराला आपला ड्युरँड कप असतो. १८८८ साली सिमल्यात सुरू झालेली ही आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा, पण ती बघणारी माणसं मोजकीच. बघा, वेळा सोयीच्या असतात. पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर आहे म्हणून तिथल्या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच बघू म्हणाल, तर शाहू स्टेडियमवरच्या हंगामासाठी पाऊस सरेपर्यंत थांबावं लागतं.

शनिवारच्या तिन्ही मॅचेस सलग बघायचा बेत करू नका. तीन मॅचेस म्हणजे मध्यंतरं धरून सहा तास, आणि तिसरीत गोल झाला तरी डोळे मिटलेले असतात. एकच टीव्ही असलेल्या घरात मॅचेसची निवड आपोआप होते. पाचची मॅच सातच्या आत संपते. सात ते दहा मालिकांचा वेळ, तिथे हात घालू नये. दहाला टीव्ही परत तुमचा. साडेसातची मॅच बघायचीच असेल तर मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर, आतल्या खोलीत, हेडफोन लावून. हे सकाळी चहाच्या वेळीच बोलून घ्या. संध्याकाळी सात वाजता ५-६ मिनिटं जादा वेळ चालू असताना रिमोटवरून होणारी चर्चा कधीच चांगली होत नाही.

शुक्रवारी रात्रीच बघून ठेवायचं ते असं: कोणत्या मॅचेस चॅनेलवर आहेत आणि कोणत्या फक्त अ‍ॅपवर. प्रक्षेपणाचे हक्क काही वर्षांनी बदलतात, चॅनेलचं पॅकही मध्येच संपतं. मॅच सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी रिचार्ज केला तर तो सेट टॉप बॉक्सपर्यंत पोचायला बराच वेळ लागू शकतो.

सकाळी पाऊस जरा उघडला की गच्चीवर जाऊन डिश बघून या. डिशचा सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचा असतो आणि त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. पावसाचे जाड थेंब ती शोषतात, विखुरतात. म्हणून जोराच्या सरीत चित्राचे चौकोन होतात आणि मग ‘सिग्नल नाही’ येतं. डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर आपल्यापेक्षा पूर्वेच्या रेखांशावर आहेत, त्यामुळे सांगली-साताऱ्यात डिशचं तोंड साधारण आग्नेयेच्या बाजूला असतं. ढग येतात पश्चिमेकडून. डोक्यावर मुसळधार पडत असताना चित्र व्यवस्थित, आणि पाऊस थांबल्यावर सिग्नल गेला, असं होतं ते यामुळे: सर तुमच्यावरून पुढे सरकून डिशच्या नजरेत आली. हा सिग्नल दहा-पंधरा मिनिटांत आपोआप परत येतो. त्यात काही करायचं नसतं. डिश हलवायची तर मुळीच नाही. दोन अंश हलली की पाऊस थांबल्यावरही चित्र येणार नाही आणि शनिवारी संध्याकाळी डिशवाला यायचा नाही.

पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र फुटत असेल, तर दोष ढगांचा नाही, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. आधी सेट टॉप बॉक्सचा प्लग काढा, कारण केबलमधून वर एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ ते १८ व्होल्ट जात असतात. एलएनबीचा पेचाचा कनेक्टर सोडवा. आत हिरवट थर किंवा ओल दिसली तर केबलचं टोक तीन सेंटिमीटर कापून टाका, वरचं आवरण सोला, जाळी मागे दुमडा, मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर राहील एवढी ठेवा आणि नवा कनेक्टर बसवा. जाळीचा एखादा केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल शून्य. पेच हाताने घट्ट करून पाव फेरा आणखी, बस. वरून रबराची स्वतःला चिकटणारी टेप लावा. साधी काळी टेप पावसात आठवड्याभरात सुटते. टेप खालून वर गुंडाळत जायची, म्हणजे प्रत्येक वेढा कौलांसारखा खालच्यावर चढतो आणि पाणी बाहेरून ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्यात पाणी अडकतं. केबल एलएनबीखाली थोडी झोळ देऊन बांधा आणि खिडकीतून आत येण्याआधीही भोकापेक्षा खाली एक झोळ ठेवा. तो झोळ नसेल तर पाणी केबलवरून सरळ बॉक्सपर्यंत येतं.

विजा चमकत असताना गच्ची नाही. आपल्याकडे विजा मुख्यतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये. जुलै-ऑगस्टची रिपरिप त्या मानाने शांत असते. गडगडाट लांब असतानाच टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही. मॅच मोबाइलवर सुरू ठेवा.

मोबाइलवर बघायचं तर डेटाचा हिशोब करा. फुल एचडी चित्राला तासाला अडीच ते तीन जीबी लागतात, म्हणजे एक मॅच पाच-सहा जीबी. रोज दीड-दोन जीबी मिळणारा प्लॅन पहिल्या हाफमध्येच संपतो, आणि तोही नेमका कॉर्नर चालू असताना. अ‍ॅपमध्ये चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता ४८० पी करा, तासाला अर्धा ते पाऊण जीबीत काम होतं आणि सहा इंचांच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. हॉटस्पॉटवरून टीव्हीला जोडलात तर मात्र ४८० पी मध्ये चेंडू शोधत बसावं लागेल. शिवाय अ‍ॅपवरचं चित्र डिशपेक्षा बरंच मागे असतं, अर्धा ते एक मिनिट. मित्रांचा ग्रुप म्यूट करा. शेजारच्या घरातून आलेल्या आरोळीवर मात्र इलाज नाही.

लाईट जाणार हे धरूनच चला

पावसाळ्यात प्रश्न इतकाच की किती वेळ जाणार. १२ व्होल्ट १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पार रिकामी होऊ न देणं हे धरलं तर हाताशी हजार-अकराशे उरतात. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॅट, सेट टॉप बॉक्स आणि राउटर मिळून २५, ट्यूब २०, जुना पंखा ७०. बेरीज दोनशेच्या आत, म्हणजे पाच तास निघतात. पंखा बंद ठेवला तर आठ. बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर सगळे आकडे निम्मे करा. ही वेळ कशाने बुडते? कुणीतरी मध्येच मिक्सर लावतं, किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर विजेची किटली. किटली दीड हजार वॅटची, ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

सकाळी बॅटरीतलं पाणी बघा. सहा तरंगत्या खुणांपैकी एक जरी लाल रेषेवर असली तर डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा पावसाचं नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ अशा दोन जागांचं. ते यूपीएसवर ठेवा. इकोवर असलं की लाईट गेल्या क्षणी सेट टॉप बॉक्स बंद होऊन परत सुरू होतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. पेनल्टी घ्यायला तेवढा वेळ पुरतो.

इन्व्हर्टर नसेल तर निदान राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, लॅपटॉप सकाळीच शंभर टक्के चार्ज करून ठेवा. आणि इन्व्हर्टर नसलेल्या घरात लाईट जाताच टीव्हीचा स्विच बंद करा. परत आलेली लाईट पहिल्या मिनिटात वरखाली होते, टीव्हीचे बोर्ड जळतात ते तेव्हा. दोन मिनिटं थांबून चालू करायचा. तक्रार नोंदवायला १९१२ आहे.

सांगलीकरांना हे सांगायला नको, तरी: नदीकाठी राहत असाल तर मॅचच्या आधी आयर्विन पुलाची पातळी बघायची. ४० फूट इशारा, ४५ धोका. आकडा पस्तिशी ओलांडून चढत असेल आणि कोयनेतून विसर्ग वाढला असेल, तर गावभाग, सांगलवाडी, कर्नाळ रोडच्या खालच्या मजल्यावर त्या दिवशी फुटबॉल हा विषय नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असते, आधी ती वर चढवा, मग टीव्ही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या हिशोबाने माळ्यालाही माळा लागतो.

खोली

दोरी. हॉलमध्ये आडवी बांधलेली कपडे वाळवायची दोरी बरोबर टीव्हीच्या वरच्या तिसऱ्या भागावरून जाते, आणि स्कोअर दिसतो तोही तिथेच. कपडे बघणाऱ्यांच्या पाठीमागे वाळत घाला. पंख्याचा वाराही त्यांना तिथे मिळतो.

४३ इंची पडद्यापासून सहा-सात फुटांवर बसा. दिवाण भिंतीला लावला तर अंतर दहा फूट होतं आणि पलीकडच्या कडेचा विंगर दिसत नाही. स्कोअरचा चौकोन कडेला कापला जात असेल तर चित्राच्या आकारात ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा. बहुतेक टीव्ही ‘स्पोर्ट्स’ मोडवर गवत विषारी हिरवं करतात. ‘स्टँडर्ड’ घ्या, शार्पनेस निम्म्यावर आणा, आणि ‘मोशन’ची जी काही सेटिंग असेल ती कमी करा. ती पूर्ण चढवली की लांबच्या पासमध्ये चेंडूमागे शेपूट दिसतं, कधी चेंडूच नाहीसा होतो. टीव्ही पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर भिंतीला हात लावून बघा. ओल आली असेल तर त्या भिंतीतला सॉकेट वापरू नका. दुसऱ्या भिंतीवरून एक्स्टेन्शन घ्या आणि त्याचा बोर्ड जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. येणारा प्रत्येक माणूस निथळती छत्री त्याच कोपऱ्यात उभी करतो.

मध्यंतराची पंधरा मिनिटं

कांदा भजी मॅचमध्ये करायची तर सगळा खेळ वेळेचा आहे. पाच जणांसाठी अर्धा किलो कांदा लांब, पातळ चिरून साडेचारलाच झाकून ठेवा, कोरडा. मीठ आत्ताच लावायचं नाही. तिसाव्या मिनिटाला त्याला सव्वा चमचा मीठ, एक चमचा ओवा, दीड चमचा तिखट, पाव चमचा हळद चोळा. दहा मिनिटांत कांद्याला पाणी सुटतं. चाळिसाव्या मिनिटाला दीड वाटी बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ भुरभुरवून त्याच पाण्यात कालवा; फार तर दोन चमचे पाणी. पीठ कांद्याला जेमतेम धरलं पाहिजे. पातळ झालं की भजी न होता कांद्याची बोंडं होतात आणि तेल पितात. सोडा नको, सोड्यानेही तेल पितात.

कढई शिट्टी झाल्यावरच ठेवा, आधी नाही. जादा वेळेत कुणीतरी गोलकडे धावतं, सगळे हॉलमध्ये, आणि तेल धुरावर येतं. ४०० मिली तेल मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटांत तापतं. पिठाचा थेंब टाकला की लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर अजून थांबा. त्यातलंच दोन चमचे कडकडीत तेल पिठात घाला, मग मध्यम आचेवर पहिला घाणा तीन-चार मिनिटं. नवव्या मिनिटाला पहिली ताटली बाहेर, तेराव्याला दुसरी. तिसरा घाणा करू नका, दुसरा हाफ सुरू झालेला असतो.

दुसऱ्या शेगडीवर चहा: तीन कप पाणी, गवती चहाची चार-पाच पाती, इंचभर आलं ठेचून. हे तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, मगच पावडर, साखर आणि शेवटी दोन कप दूध. आलं न उकळता दुधात गेलं तर चहा फाटतो.

श्रावण बहुधा हंगामाच्या सुरुवातीलाच गाठतो. शनिवारचा उपास असलेल्या घरात साबुदाणा वडे करा: एक वाटी साबुदाणा, दोन उकडलेले बटाटे, अर्धी वाटी दाण्याचं कूट. साबुदाणा चार-पाच तास आधी, म्हणजे दुपारी बारालाच भिजवा, पाणी वर बोटभर सुद्धा राहू देऊ नका. ओला साबुदाणा तेलात फुटतो आणि अंगावर उडतो. वडे मॅचच्या आधीच वळून ठेवता येतात, त्यामुळे मध्यंतराला भज्यांपेक्षा तेच सोयीचे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्यांसाठी ओव्याच्या पानांची भजी. कुंडीतली पंधरा पानं पुरतात, पण धुतल्यावर कोरडी पुसा.

मॅच चालू असताना हाताशी ठेवायचं ते भडंग. सांगलीत विकत मिळतंच, पण घरी करायचं तर भडंगाचेच चुरमुरे मागून घ्या, भेळेचे पातळ नकोत. पावसात पाकीट उघडताच ते सादळतात. २०० ग्रॅम चुरमुरे मोठ्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडे परता. बोटांत चुरडून आवाज आला की काढा. सहा चमचे तेलात एक वाटी शेंगदाणे तळा, मग ठेचलेला अख्खा लसणीचा गड्डा सोनेरी होईपर्यंत परता. इथे घाई नको. लसूण आत ओला राहिला तर त्या ओलीने रात्रीपर्यंत सगळं भडंग मऊ पडतं. कढीपत्ता पुसून घाला. गॅस बंद करून अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा मीठ आणि एक चमचा पिठीसाखर तेलात घाला, म्हणजे मसाला जळत नाही, आणि मग चुरमुरे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही.

बघताना

घरात पहिल्यांदा फुटबॉल बघणारं कुणी असेल तर ऑफसाइड समजावत बसू नका, निदान पहिल्या हाफमध्ये. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो एवढं सांगा, बाकी रिप्लेमध्ये रेषा दाखवतात तेव्हा कळतं. बदली खेळाडू पाच, पण खेळ फक्त तीनदा थांबवून. मध्यंतरातला बदल यात धरत नाहीत. सत्तराव्या मिनिटाला एकदम तिघे का येतात, ते यामुळे. गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. हा नियम २०२५ पासूनचा आहे, जुन्या प्रेक्षकांनाही माहीत नसतो.

पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. दोन्ही संघांचे बॅक, म्हणजे बचावातले खेळाडू, कुठे उभे आहेत ते बघा: मधल्या रेषेजवळ असले तर त्यांच्या मागे लांब पास पडणार, स्वतःच्या गोलजवळ असले तर मॅच कंटाळवाणी होण्याची तयारी ठेवा. अशी कंटाळवाणी निघाली तर साठाव्या मिनिटाला शेंगा उकडायला टाका. सप्टेंबरात ओल्या शेंगा बाजारात येतात. अर्धा किलो, बुडेल एवढं पाणी, मोठा चमचाभर मीठ, कुकरला चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्या. मीठ आत मुरतं ते त्या वेळात.

दहाच्या मॅचला घर झोपलेलं असतं. आवाज बंद करण्यापेक्षा समालोचन खालच्या पट्टीत ठेवा, कारण पूर्ण शांततेत बसलेला माणूस गोल झाल्यावर जास्त जोरात ओरडतो. मॅच बारापर्यंत चालते. उठताना टीव्हीचा प्लग काढा, कढईतलं गार झालेलं तेल गाळून ठेवा. ते रविवारी फोडणीला वापरा, तळायला नाही. संध्याकाळी लाईट गेली असेल तर इन्व्हर्टरचा मेन स्विच चालूच राहू द्या. उतरलेली बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला रात्रभर लागते, आणि रविवारची पहिली मॅच साडेसहाला आहे.